मोजणीत एक कमी

जळगावहून पॅसेंजरमध्ये बसलो तेव्हा पिशवीत एक लांब दोर होता आणि डोक्यात भलता रुबाब. वादळ-गारपीट आली तर काय करायचं, हे शाळांतल्या मुलांना खेळातून शिकवणं हे माझं काम. या खेळात कोणी हरत नाही, सगळे मिळून वाचतात, हे मी डब्यातल्या एका कापूस-व्यापाऱ्यालाही ऐकवलं. बिचारा अमळनेरला सुटला.

नरडाण्याला उतरून बैलगाडीनं गावात पोचलो. मुक्काम सातवीतल्या कमलच्या घरी. तिच्या आईला सारा गाव आक्का म्हणे. आक्कांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि शेवभाजी वाढली. भाजीनं नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुपारी शाळेच्या पटांगणात खेळ मांडला. हाळी झाली की सगळ्यांनी दोर धरून वर्गाच्या दारापर्यंत यायचं. कमलनं मोजायचं, आणि मोजणी पुरी झाल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही. दोराचं शेवटचं टोक माझ्या हातात होतं. म्हणजे मोजणीत मीही होतो.

तिसऱ्या डावाला आभाळ भरून आलं आणि खऱ्याच गारा सुरू झाल्या, बोराएवढ्या. पहिली गार टाळक्यात बसताच मी दोर टाकून ऑफिसात धूम ठोकली. दम खातोय तोच कमलची हाक आली.

"एक कमी शे! सर नही उनात!" (सर आले नाहीत!)

मुलं दाराबाहेरच उभी होती, हातांनी डोकी झाकून, गारांचा मार खात. माझ्यासाठी. मी खिडकीतून ओरडलो, पण पत्र्यांवरच्या तडतडाटात कोण ऐकणार? शेवटी बाहेर पळत जाऊन दोर धरला, तेव्हा कुठे मुलं आत शिरली. कमलच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं.

संध्याकाळी त्यावर हळद लावत आक्का म्हणाल्या, "पोर सांगस, सर पडी गयथात." (सर पडले होते.)

"हो, जरा घसरलो," मी म्हणालो. रात्री शेवभाजी दुसऱ्यांदा मागितली नाही.

सकाळी माय-लेकी स्टेशनवर पोचवायला आल्या. आक्का पाणी भरून आणायला गेल्या, तेवढ्यात मी खिडकीतून म्हणालो, "कमल, मी पडलो नव्हतो. पळालो होतो."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "पन तुम्हीबी मोजनीमा व्हतात ना."

गाडी हलली. मान वर करून तिच्या टेंगळाकडे पाहणं मला जमलं नाही.

घरी पोचताच बायकोनं विचारलं, "जमला का खेळ?"

"मुलांना जमला," मी म्हणालो.