एक मात्रा कमी

बोलता बोलता काकाजींचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालायला लागला, की समजावं, समोरच्याचं बोलणं आता त्यांच्या कानात शिरत नाही. ते कवितेत मोजतात तशा मात्रा मोजत असत. समोर कलेक्टर असो नाहीतर न्हावी, अंगठा तर्जनीपासून करंगळीपर्यंत जायचा, परत यायचा, मध्येच थबकायचा. मग मान हलवून ते म्हणायचे, "एक मात्रा कमी पडून राहिली, बाप्पा."

हे वाक्य ते कशालाही लावत. आळणी वरणाला, सरकारी ठरावाला, धाकट्या जावयाला. एकदा विधानसभेत विरोधी पक्षाचे एक गृहस्थ त्यांच्यावर तावातावाने तुटून पडले होते, आणि हे आपले बोटं मोजत बसलेले. उत्तर द्यायला उठले तेव्हा म्हणाले, की सन्माननीय सदस्यांचं पहिलं वाक्य मात्रांना अगदी चोख होतं, पुढे मात्र ढासळत गेलं. सभागृह हसलं आणि टीका राहून गेली. हे राजकारण होतं की भोळेपणा, ते मला अजून सांगता येत नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याबद्दल एकदा काही ठरवलं, की दुसऱ्या दिवशी ती आपल्याला खोटं पाडतात.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यात गुपित काही नाही, छत्तीसगडातल्या दुर्ग गावी, आमच्या आळीत कुणालाही विचारा, चहा पाजून सांगतील. न लिहिण्याचं कारण पुढे येईलच.

मी नागपूरकडचा. वडील रेल्वेत गार्ड होते. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहायचं ठरलं आणि जमिनी घेण्याचं काम निघालं, तेव्हा लघुलेखक म्हणून मी दुर्गला आलो. खोली मिळाली ती काकाजींच्या शेजारची; त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, पण घरातली बोली आपली मराठीच. ते तेव्हा उपमंत्री होते, राजधानी अजून नागपूरलाच होती, आणि पंधरवड्यातून एकदा ते घरी येत. आले की दौऱ्यावर आणि भाषणं लिहून घ्यायला माझी नेमणूक होई. भाषण कसलं, दर दोन वाक्यांनी अंगठा थबके आणि मी पेन्सिल धरून ताटकळत बसे. "कालव्याचे पाणी" म्हणायचं की "पाणी कालव्याचे", यावर आमची एक अख्खी दुपार गेलेली आहे. कालवा तोवर झाला असता.

बेचाळीसच्या चळवळीत याच माणसाची गाणी प्रभातफेऱ्यांतून दुर्ग-रायपूरभर म्हटली जात. गोऱ्या सरकारने त्यांना आधी शोधलं, मग धरलं, मग तुरुंगात ठेवलं. तिथेही ते जेलरला मात्रा शिकवत होते म्हणे. स्वराज्य आलं, निवडणूक आली, लोकांनी कवीला निवडून दिलं. काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, स्वातंत्र्याच्या इतिहासाबद्दल स्वतंत्र मत होतं. "यायच्या कविता आयकून आयकून इंग्रज पळाले," त्या सांगत. "त्याईले समुद्रापार जागा होती. मी कुठं पळू?"

काकूंनी उभ्या जन्मात नवऱ्याच्या कवितेला टाळी दिली नव्हती. काकाजी उत्साहाने नवी ओळ ऐकवायला स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि शेवटी आशेने थांबत. काकू म्हणत, "माह्ये हात कणकेचे हायेत."

मंत्री झाल्यावर त्यांनी कविता सोडली. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "काय सांगू स्टेनोबाबू, मंत्री झालो तेव्हापासून माह्या सगळ्याच कविता चांगल्या होऊन राहिल्या. जो तो टाळ्या वाजवते. एक ठेकेदार तर मी सुरू करायच्या आधीच रडला." हे ते हसत सांगत, पण कविता गेल्याचं दुःख त्यांना होतं. अंगठा चालायचा थांबला नव्हता, एवढं मला दिसत होतं.

आता त्या गावाची गोष्ट. कारखान्याच्या आखणीत जी गावं आली, त्यांतलं एक, भातशेतीचं, मोठ्या तळ्याच्या काठचं. आजूबाजूची गावं जमीन द्यायला तयार झाली होती, हे एक अडून बसलं होतं. गावाचा सियान, म्हणजे ज्याच्या शब्दाबाहेर गाव नाही असा वडीलधारा, काही बोलतच नव्हता. तेव्हा वरून ठरलं, की काकाजींनी जावं. कारण तो सियान त्यांचा मितान होता.

मितान म्हणजे काय ते सांगायला हवं. छत्तीसगडात दोन माणसं गावासमोर नारळ देऊन-घेऊन एकमेकांचे मितान होतात, आणि ते नातं रक्ताच्या नात्याहून घट्ट. एकदा मितान झालं, की दोघांनी एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. आपल्याकडे बायकोला नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात घेता येतं, मितानाला तीही सोय नाही. आणि दुसरं, मितानाने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

बेचाळीस साली पोलीस मागावर असताना याच माणसाने काकाजींना आपल्या घरातल्या धानाच्या कोठीत लपवलं होतं. त्या कोठीत बसून काकाजींनी एक गाणं रचलं होतं:

माटी हमरे महतारी गा,
नइ देवन गा, नइ देवन;
धान साखी, तरिया साखी,
नइ देवन गा, नइ देवन.

माती आमची आई आहे, देणार नाही. भात साक्षी आहे, तळं साक्षी आहे, देणार नाही. तिसऱ्या ओळीत 'धान साखी'नंतर एक मात्रा कमी पडते. कोठीच्या अंधारात, कुजबुजत रचताना ती चूक त्यांच्या लक्षात आली नाही. पुढे गाणं गावोगाव गेलं, आणि आपलं सगळ्यांत गाजलेलं गाणं लंगडं आहे याची काकाजींना कायमची रुखरुख लागली. मितानाने त्यावर आपला उपाय काढला होता. काकाजी गात, आणि 'धान साखी' झालं की मितान एक टाळी वाजवी. कधी मितान गाई, मग टाळी काकाजींची. खड्डा बुजून जाई.

आम्ही जीपने गेलो. काकाजी, तहसीलदार आणि मी. मितानाने पाय धुवायला पाणी दिलं. काकाजींनी बैलांची चौकशी केली. मग पावसाची, मग सुनेच्या बाळंतपणाची, मग पुन्हा बैलांची. मी पेन्सिल टोकदार करून बसलो होतो, तिचा उपयोग झाला नाही. जमिनीचा विषय न काढता आम्ही परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा बैल. तहसीलदारसाहेब चांगले गृहस्थ होते, पण परतताना म्हणाले, की मंत्रीजींनी पशुसंवर्धन खातं मागून घ्यायला हरकत नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर मी विचारलं, "काकाजी, तुम्ही मागत कावून नाही?"

या वेळी त्यांचा अंगठा हलला नाही. मग म्हणाले, "कारखाना पाहिजे, स्टेनोबाबू. लोखंडाशिवाय देश उभा राहत नाही, हे मीच सांगत फिरून राहिलो. पण तो मले नाही म्हणू शकत नाही. ज्याले नाही म्हणता येत नाही, त्याच्याजवळ मागणं म्हणजे हिसकणंच आहे न. मग त्या गोऱ्यानं काय वाईट केलं होतं?"

आतून काकू म्हणाल्या, "न मांगता याल तर तो काय समजीन? तोंड लपवून राहिले म्हणीन."

मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची कीव आली. मंत्र्याची कीव करायची सवय नसते आपल्याला.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा गाव तळ्याच्या काठी जमलेलं होतं. भात पिकून पिवळं झालं होतं. काकाजींनी बैलांकडे मोर्चा वळवला, तसा मितान उठून उभा राहिला. वाळलेला, उंच माणूस. म्हणाला, "मितान, आज मंय मांगत हंव. देबे?"

आज मी मागतो, देशील? काकाजी चमकले. मागणार तर हे होते. पण नियम दोन्हीकडून सारखा. त्यांनी मान डोलावली.

"तोर गाना सुना दे," मितान म्हणाला. "सब्बो झन के आघू."

तुझं गाणं म्हण, सगळ्यांसमोर. मी तहसीलदारांकडे पाहिलं, तहसीलदारांनी तळ्याकडे पाहिलं. जमीन घ्यायला आलेल्या सरकारच्या उपमंत्र्याने, त्याच सरकारच्या तहसीलदारासमोर, देणार नाही हे गाणं म्हणायचं होतं. आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

काकाजींनी टोपी सारखी केली आणि गायला लागले. आवाज त्यांचा कधीच चांगला नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. पहिली ओळ ते एकटेच म्हणाले. दुसऱ्या ओळीला, 'नइ देवन'ला, बायका उठल्या, पोरं उठली, सगळं गाव गायला लागलं, आणि आमच्या जीपचा ड्रायव्हरही. 'धान साखी' आलं. मितानाने टाळी दिली. ती टाळी तळ्यावरून परत ऐकू आली. काकाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

गाणं संपलं. मितान म्हणाला, "अब तंय मांग."

आता तू माग. काकाजींनी हात जोडले आणि मागितलं. भाषण नाही, दोन वाक्यं. इथे कारखाना व्हायचा आहे, गाव दे. मात्रा मोजल्या नाहीत.

मितानाने गावाकडे पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, उभं धान कापू द्या. तहसीलदार घाईने हो म्हणाले. मग मितान बोलला, ते मी लघुलिपीत न घेताही माझ्या लक्षात आहे: "बिन मांगे लेते त चोरी होतिस. मांगे हस त दे देन."

न मागता घेतलं असतंस तर ती चोरी झाली असती. मागितलंस, तर दिलं.

मोबदला मिळाला, मितानाने उतई गावाकडे जमीन घेतली, मुलगा कारखान्याच्या नंदिनी इथल्या चुनखडीच्या खाणीवर लागला. तळं कारखान्याच्या भिंतीआड गेलं. राजधानी भोपाळला गेली, आणि काकाजी पुढच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. आळीत लोकांनी नाना तर्क केले. काकाजींचं म्हणणं, भोपाळचं पाणी मानवत नाही. भोपाळला ते दोनदाच गेले होते.

मग त्यांनी पुन्हा कविता सुरू केली, आणि ती वाईट होती. भट्टीवर, मालगाडीवर, कारखाना उभारायला आलेल्या रशियन इंजिनिअरांच्या टोप्यांवर. एका रशियनाला त्यांनी घरी जेवायला आणून कविता ऐकवली. तो भला माणूस, त्यानेही आपल्या भाषेतली ऐकवली. दोघांना एकमेकांचं अक्षर कळलं नाही. काकाजी बोटं मोजत होते. तो गेल्यावर म्हणाले, "त्याच्या मात्रा बरोबर बसून राहिल्या हो." गावातल्या संमेलनात ते वाचत तेव्हा आता कुणी टाळ्या वाजवत नसे. "बरं वाटून राहिलं," ते मला म्हणाले. "आता खरं काय ते समजते." पण मितानाच्या गाण्याला त्यांनी हात लावला नाही. मी म्हटलं, आता वेळ आहे, ती एक मात्रा घालून टाका. तर म्हणाले, "ती जागा माही नाही, त्याची आहे."

कारखाना पुरता धूर ओकू लागला होता तेव्हा काकाजी गेले, दोन दिवसांच्या तापाने. मला फार चुकल्या-चुकल्यासारखं झालं. ओट्यावर बसलं की कुणीतरी आपलं बोलणं न ऐकता मोजत असावं, याची सवय झाली होती.

शोकसभा त्यांच्याच अंगणात झाली. पुढारी आले. जो तो नाव घेई, आधी पदव्या, मग नाव, मग पुन्हा पदव्या. शेवटी कुणीतरी मितानाला पुढे केलं. तो उतईहून बसने आला होता. उभा राहिला, आणि नाव येईना. गेल्यावरही येईना. "मोर मितान," एवढंच म्हणाला आणि थांबला. मी म्हणूनच इथे नाव लिहिलेलं नाही. ज्याचा हक्क सगळ्यांत मोठा त्याने घेतलं नाही, तर मी कोण?

मग तो गायला लागला. म्हातारा आवाज, हळू. माटी हमरे महतारी गा. लोक माना खाली घालून ऐकत होते. 'धान साखी' म्हणाला, आणि थांबला. गाणारा तो होता, टाळी दुसऱ्याची होती. त्याचे हात खाली लोंबत होते.

टाळी आतून वाजली. स्वयंपाकघराच्या दारात, बायकांच्या मागे, काकू उभ्या होत्या.

मितानाने तिकडे पाहिलं आणि पुढे म्हणाला, "तरिया साखी."