पंगतीतली गोळी

पंगतीत समोरच्या मुलीनं वाढप्याला हाक मारली, "काका, पाणी द्या ना, फिटची गोळी घ्यायचीय." कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. तिच्या हातातलं फिनोबार्बिटोनचं पाकीट मी मात्र लगेच ओळखलं. लग्नाआधीपासून मी तीच गोळी घेतो, पित्ताची म्हणून सांगून. एवढीशी गोळी आकडी थोपवते. कुणाला कळेल ही भीती काही त्या गोळीला थोपवता आली नाही.

शेजारून बायको म्हणाली, "तुमची पित्ताची घेतलीत का?"

"पित्ताची नाही गं ती. फिटचीच आहे, पहिल्यापासून."

माझ्या पित्तापायी तिनं घरातून मिरची हद्दपार केली होती, स्वतःही मिळमिळीतच जेवत आली होती. लपवलेलं दुखणं असं दुसऱ्याच्या ताटात उतरतं.

"म्हणजे ठेचा चालला असता तुम्हाला?"

मी होकारार्थी मान हलवली. तिनं डोळे पुसले आणि आपल्या पानातला ठेचा माझ्या पानात सरकवला.