ब्लीचिंग पावडर, अ‍ॅसिड आणि गुळाचा खडा

“अ‍ॅक्यूट लंग इंज्युरी,” चंद्रपूरचे डॉक्टर एक्स-रे पाहत म्हणाले. म्हणजे फुप्फुसांना अचानक झालेली इजा. “आत सूज आहे, पाणी भरतंय. आज नाकात कसला वास गेला?”

मला धड बोलता येत नव्हतं. नवऱ्याने सांगितलं, “विहाराचं संडास धुतलं जी हिनं.”

चौदा एप्रिलची जयंती दोन दिवसांवर होती. बल्लारपूरला आमच्या वस्तीतल्या विहारात बुद्धवंदना सगळ्यांकडून मीच म्हणवून घेते. संडासही मीच धुते, कारण दुसऱ्याने धुतलेलं मला पटत नाही. त्या दिवशी डाग निघेनात, म्हणून ब्लीचिंग पावडरीवरच अ‍ॅसिड ओतलं. शेजारी बाया पताका चिकटवत होत्या. त्यांना वास नको म्हणून दार-खिडकी लावून घेतली. या दोन्हींतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, हे मला ठाऊक नव्हतं. डोळे झोंबले, ठसका लागला, तरी फरशी पुरती घासूनच बाहेर आले. हट्टी बाई!

नवरा कोळसा खाणीत कामाला. घशातली धूळ उतरते म्हणून आमच्याकडे गूळ खातात. मीही खडा चघळला. दुपारी बरं वाटलं, आणि तिथेच फसले. संध्याकाळी आडवं होताच बुडाल्यासारखं होऊ लागलं.

“काऊन नाई सांगतलं सकाळीच? गुळानं गॅस उतरते का?” ऑटोत नवरा रडकुंडीला आला होता.

आयसीयूत बायपॅप लावलं. हे दाबाने हवा आत ढकलणारं यंत्र. घट्ट मास्कने नाक सोललं. “उद्यापर्यंत सुधारणा नाही झाली, तर घशात नळी घालावी लागेल,” डॉक्टर म्हणाले. मी फार भ्यायले. जयंती आली नि गेली, मला कळलंही नाही.

नळी टळली. नवव्या दिवशी घरी आले. त्या डॉक्टर-नर्सचे उपकार मी विसरणार नाही.

तुम्ही मात्र संडास धुवायची दोन औषधं एकत्र करू नका, दार उघडं ठेवा. असा वायू छातीत गेला, तर बरं वाटलं तरी लगेच दवाखाना गाठा.

बुद्ध पौर्णिमेला विहारात मी मागे बसले होते. बाया ऐकेनात. “तुमीच म्हणा बाई, आमी हावो ना.” दुसऱ्याच ओळीला श्वास संपला. मी थांबले. कोणीच पुढे म्हटलं नाही. मला श्वास आला, तेव्हाच सगळ्यांनी पुढची ओळ घेतली.