हिरामणच्या टाकीतला गाळ

धाटावच्या एका रसायन कंपनीत हिरामण वाघमारेला काय काम आहे असं विचारलं, तर तो सांगायचा, "पोरं सांभाळतो." नवखा माणूस चक्रावायचा. पोरं म्हणजे सांडपाण्याच्या टाकीतले जीवाणू. डोळ्यांना दिसत नाहीत, पण कारखान्याचं घाण पाणी तेच खाऊन साफ करतात. वीटभट्टीवर वाढलेला हा कातकरी गडी चौदा वर्षं कंत्राटी कामगार म्हणून त्यांची उस्तवार करत होता. रोज सकाळी गुळाचं पाणी, आठवड्यातून दोनदा ताजं शेण. दसऱ्याला हवा सोडणाऱ्या ब्लोअरला झेंडूची माळ. गाळाचा वास घेऊनच तो सांगायचा, पोरं खूश आहेत की रुसलीत. ओल्या मातीसारखा वास आला की स्वारीची छाती दोन इंच फुगायची.

त्या वर्षी मात्र सगळ्या कंपनीची छाती दडपली होती. साबणात घालायचा जो माल ते बनवत, तो पाण्यात वर्षानुवर्षं तसाच राहतो, म्हणून युरोपातल्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की पुढच्या वर्षापासून नको. आपोआप विरणारा माल दिलात तर दुप्पट घेऊ, नाहीतर रामराम. कंपनीने नवा माल तयार केला होता, आठ महिने त्याचे छोटे घाणे काढले होते. आता फक्त चाचणी उरली होती. गाळ घातलेल्या पाण्याच्या बाटलीत थोडा माल टाकायचा आणि अठ्ठावीस दिवसांत जीवाणू त्यातला किती खातात ते मोजायचं. साठ टक्के खाल्ला तर पास. नापास झाला तर नवा विभाग बंद, खर्चाला कात्री, आणि हिरामणसकट बारा कंत्राटी माणसं घरी.

प्रयोगशाळेच्या रिझवाना मॅडमनी हिरामणला कॅन दिला. "पेणजवळच्या त्या मोठ्या सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीतून गाळ आणा. तिथलाच हवा हं, हिरामणभाऊ."

का हवा, ते त्यांनी सांगितलं नाही. यानेही विचारलं नाही.

मोटारसायकलवरून तो गेला, गाळ भरला. येताना वडखळला चहाला थांबला आणि सवयीने झाकण उघडून वास घेतला. काळाकुट्ट, सडका गाळ. ही मरतुकडी पोरं काय खाणार? बारा घरांच्या चुली यांच्या भरवशावर? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, म्हणतात ना! त्याने कॅन रस्त्याकडेच्या खड्ड्यात ओतला, कंपनीत येऊन धुतला आणि आपल्याच टाकीतला तपकिरी, गुबगुबीत गाळ भरून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

पाचव्याच दिवशी बाटलीने सत्तर टक्के दाखवले. मॅडम स्वतः टाकीपाशी पेढा घेऊन आल्या.

"हिरामणभाऊ, आपला माल ज्यांनी जन्मात पाहिला नाही, त्या जीवाणूंनी पाच दिवसांत फस्त केला! आता तो कुठल्याही नदीत गेला तरी घोर नाही. उद्या दुपारी रिपोर्ट पाठवते."

पेढा हिरामणच्या हातातच राहिला. त्याच्या पोरांनी हा माल पाहिला नव्हता कसा? आठ महिने नव्या मालाच्या घाण्यांचं धुवण याच टाकीत येत होतं. रोज खाऊन खाऊन त्यांना त्याची चटक लागली होती. नदीतल्या जीवाणूंना ती कुठून असणार? म्हणून मॅडमना लांबचा गाळ हवा होता. चौदा वर्षं पोरं सांभाळणाऱ्या शहाण्याला एवढं कळू नये!

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. आवडीची वाडी नदीकाठी, कारखान्यांच्या खालच्या अंगाला. आवडीने सकाळी नदीतल्या दगडांखालून धरलेल्या चिंबोऱ्यांचा रस्सा वाढला. त्याने उचललेला घास परत ताटात ठेवला.

"दादा, खा ना रं. काय झालंय तुला? जीव बरा नाय का?"

"बरा हाय गो."

बरा कसला! बोललं तर बारा घरं उघडी पडणार, त्यात त्याचं पहिलं. नाही बोललं तर हा माल विरतो म्हणून पिंपंच्या पिंपं परदेशी जाणार, आणि तिकडच्या नदीकाठीही कुणी आवडी चुलीवर असाच रस्सा ठेवत असेल. इकडे आड, तिकडे विहीर. भाचीने रश्श्यात बोट बुडवून चाटलं, तेव्हा त्याला धस्स झालं.

सकाळी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, तो गाळ पेणचा नव्हता. आपल्या टाकीतला व्हता."

रिझवाना मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी टेबलावरचा रिपोर्ट बाजूला सारला. "तुमचं नाव वर सांगावं लागेल मला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, भीती होती. "दुपारनंतर सांगितलं असतंत, तर माझीही नोकरी गेली असती."

त्याच दिवशी कंत्राटदाराने त्याचा गेटपास काढून घेतला.

चाचणी पुन्हा लागली, पेणच्या गाळाची. अठ्ठावीस दिवस हिरामणने वाडीत बसून बोटांवर मोजले. एकोणतिसाव्या दिवशी आवडी चिंबोऱ्या धरायला नदीत उतरली होती, तो काठावर टोपली घेऊन बसला होता, तेव्हा मॅडमचा फोन आला.

"एकेचाळीस टक्के. नापास. नवा विभाग बंद केलाय, बाकीच्या अकरा जणांनाही कालच सांगितलं." मग हळूच, "तुम्ही बोललात ते बरं झालं, हिरामणभाऊ."

अकरा जणांची नावं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. मग महिनाभर मनात कुरतडत असलेलं त्याने विचारलं.

"मॅडम, टाकीला गूळ कोण घालतंय?"



"नवीन माणूस अजून लावला नाही," त्या म्हणाल्या. "ब्लोअरही चार दिवस बंद आहे. मी वर दोनदा लिहून दिलंय."

"आन जुना माल तर चालूच हाय ना? त्याचं घाण पाणी?"

"टाकीतून तसंच नदीत जातंय," मॅडम म्हणाल्या.

चार दिवस हवा नाही, महिनाभर गूळ नाही, शेण नाही. पोरं मेली होती. तो फोन तसाच हातात धरून उठला. आवडी कमरेएवढ्या पाण्यात वाकून दगडाखाली हात घालत होती.

"आवडे!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "वर ये गो! आधी वर ये!"

"का रं दादा?" ती हसत म्हणाली, आणि दुसरा दगड उचलायला आणखी पुढे गेली.