पुशरॉडचं माप

माझे सासरे बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये इंजिनाचे मिस्त्री होते. नोकरी संपल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. हिंगोलीत आमच्या घरापुढच्या खोलीत माझं टेलरिंगचं दुकान आहे आणि दुकानाला लागून पत्र्याचं शेड. त्या शेडात जीप उभी असायची. सासूबाई गेल्या, मालक नोकरीसाठी नांदेडला, मग दिवसभर घरात आम्ही दोघंच. मी मशीनवर, ते शेडात. "मामा, चहा ठेवू का?" "ठेव." दिवसभरात आमचं बोलणं एवढंच व्हायचं. भांडण नव्हतं, राग नव्हता. सासरा आणि सून काय बोलणार, असं दोघांनाही वाटायचं.

त्यात त्यांच्या हाताला कंप सुटला. कप बशीत ठेवताना खळखळ वाजायचा, म्हणून मी त्यांना चहा स्टीलच्या पेल्यात द्यायला लागले. त्यांनी ते पाहिलं आणि पेला दोन्ही हातांनी धरला.

एका उन्हाळ्यात नरसीहून येताना जीपच्या रेडिएटरमधलं पाणी गळून गेलं आणि इंजिन तापलं. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकणासारखं जड लोखंड, वाकडं झालं. सासऱ्यांनी ते लेथवाल्याकडे नेऊन तळाकडून तासून सपाट करून घेतलं. वाल, म्हणजे हवा-धूर आतबाहेर सोडणाऱ्या झडपा, जिथं बसतात त्या जागाही कापून नव्या करून घेतल्या. दोन पोरांना लावून हेड परत बसवलं. पण जीप सुरू व्हायलाच तयार नाही. झालीच तर फुसफुसायची आणि चढाला दम सोडायची.

मी ब्लाउजला हुक लावत होते तेव्हा दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, जरा इकडं ये. काम हाय."

"काय मामा?"

"तुझे हात हालत न्हाईत. माझे हालून राहिले."

मी या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली मदत. मी सुई गादीला टोचली आणि गेले.

त्यांनी हेडवरचं पत्र्याचं झाकण काढून ठेवलं होतं. मला इंजिनातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून त्यांनी लहान लेकराला सांगावं तसं सांगितलं. खाली कॅम, म्हणजे उंचवटे असलेला दांडा, फिरतो, वर वाल उघडतात आणि मिटतात. खालचा धक्का वर पोचवायला मधे एक उभी लोखंडी काडी, तो पुशरॉड. पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला ढकलतो, रॉकर सी-सॉसारखा हलतो आणि दुसऱ्या टोकानं वाल दाबतो. रॉकर आणि वाल यांच्यात केसभर फट लागते. ती कमीजास्त करायला रॉकरच्या काडीकडच्या टोकात एक स्क्रू असतो.

"हा स्क्रू बघ. वर चढवून चढवून पार टेकला. आता पुढं जागाच न्हाई. फट मिळंना म्हणून वाल पुरा मिटंना. वाल मिटंना म्हणून इंजिनाचा दम निघून चालला."

"काहून असं झालं?"

"हेड तासलं की न्हाई? हेड खाली बसलं. काडी तेवढीच राहिली. म्हणजे काडी लांब झाली."

मला हसू आलं. "म्हणजे बाई वाळली अन् ब्लाउज तोच राहिला."

तेही हसले. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर ते हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

बाजारात मिळणारे नवे पुशरॉड मूळच्याच लांबीचे, त्यांचा उपयोग नव्हता. मग लेथवाल्यानं हेडमधून जेवढं तासलं होतं, तेवढंच सगळ्या पुशरॉडमधून कापायचं ठरलं. हिशोब बराबर वाटत होता. काड्या कापून आल्या, मी त्या एकेक करून खाली सोडल्या, आणि ते सांगतील तसे स्क्रू फिरवले. काही वालांना फट मिळाली. बाकीच्यांचे स्क्रू मात्र पुन्हा वर जाऊन टेकले.

सासरे स्टुलावर बसले. टेकलेले स्क्रू पुन्हा एकेक करून बघितले आणि म्हणाले, "वालाच्या जागा कापल्या, ते मी धरलंच न्हाई. जागा खोल झाली की वाल वर येतो. मग काडी अजून आखूड लागते. अन् मी तिथंच उभा होतो, पोरी. माझ्या डोळ्यासमोर कापलं." मग हातांकडे बघत म्हणाले, "हात गेले ते गेले, आता डोकं पण चाललं."

मला त्यांचं ते बोलणं सोसलं नाही. मी म्हणाले, "मामा, डेपोत तुमाला कधी काडीचं माप काढावं लागलं का?"

"न्हाई. तिथं नवा माल यायचा. बसवायचा."

"मग? जे कधी केलंच न्हाई ते पहिल्या झटक्यात कसं जमंल? मी नवरीचं ब्लाउज हिशोबानं एकदम कापत न्हाई. आधी कच्चा टाका घालते, अंगावर बघते, मग पक्की शिवण. कमीजास्त होणारी काडी करता येत न्हाई का?"

 ते उठले आणि कोपऱ्यातल्या डब्यातून एक वाकडा टाकाऊ पुशरॉड काढला.

लेथवाल्यानं तो सरळ करून मधून कापला, आत आटे पाडले आणि दोन्ही तुकड्यांच्या मधे नट लावलेला बोल्ट बसवला. पिळला की काडी वाढायची, उलटा पिळला की कमी व्हायची. देताना तो म्हणाला, "काका, ये तो बढिया चीज बनी. माप निकल गया तो मुझे वापस दे देना, मेरे काम की है." सासरे म्हणाले, "पहले मेरी सून का काम होने दे."

दुसऱ्या दिवशी मी दुकान सकाळभर बंद ठेवलं. माझ्या मनात एक साधा प्रश्न होता, तो मी विचारला. "जास्तच आखूड काहून करू नये? मग स्क्रू खाली सोडून फट धरता येईल ना?"

"मग स्क्रू लोंबकळतो. अन् त्याच्या अंगात तेलाचं भोक हाय, हे बघ. लई खाली आला तर भोक जागा सोडतं, काडीच्या टोकाच्या वाटीत तेल पोचत न्हाई, कोरडं घासून खातं. लांब झाली तरी तकलीफ, आखूड झाली तरी तकलीफ. स्क्रू मधात राहिला पाहिजे."

म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. वाल पूर्ण मिटेल असं इंजिन हँडलनं फिरवून घेतलं. स्क्रू त्याच्या मधल्या जागी ठेवून नट आवळला. मग ती कच्ची काडी हळूहळू लांब करत नेली आणि फटीत पातळ पत्र्याचा गेज घालून बघितला.

"ओढ. कसा येतो?"

"सैल."

"अजून पीळ. आता?"

"आता अडकला."

"थोडा मागं. अडकायला नको अन् सुटायलाही नको."

मी पुन्हा ओढला. पत्रा धरून धरून आला. मशीनच्या दोऱ्याचा ताण बराबर असला की तो बोटातून जसा येतो, अगदी तसा. मी म्हणाले, "मामा, हाच."

"बघू?" म्हणून त्यांनी हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. "राहू दे. तू म्हणतीस तर हाच."

काडी काढून मापली. मग तीच दुसऱ्या वालाखाली घातली, मग तिसऱ्या. धूर बाहेर सोडणारे वाल जास्त खोल बसले होते, त्यांना काडी थोडी आखूड लागत होती. मला वाटलं दोन मापं करावीत. ते नको म्हणाले. "उद्या दुसरा मिस्त्री खोलंल अन् अदलाबदल करंल. एकच माप धर, मधलं. दोन्हीकडचे स्क्रू जरासे इकडंतिकडं होतील, पण टेकणार न्हाईत अन् लोंबणार न्हाईत." ते मला पटलं.

काडी हेडच्या भोकात कुठं घासते का, हेही बघायचं होतं. काडीला रंग लावावा म्हणाले, पण शेडात रंग नव्हता. मी आतून माझी काजळाची डबी आणली. ते जरा संकोचले. मी काडीला काजळ फासलं, खाली सोडली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरून इंजिन सावकाश फिरवलं. बाहेर काढली तर काजळ जसंच्या तसं.

कापलेल्या काड्या त्या मापानं पुन्हा कापून आणल्या, बसवल्या, आणि सगळ्या फटी मीच लावल्या. चावी फिरवली तशी जीप लगेच सुरू झाली. सासरे बॉनेटला कान लावून उभे राहिले, इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. मग आत जाऊन त्यांनी स्वतः चहा ठेवला. अर्धा शेगडीवर सांडला, पण चांगला झाला होता.

त्यानंतर मला गाडी शिकवायचं त्यांनीच काढलं. बाजार समितीमागच्या मोकळ्या जागेत मी क्लच सोडताना जीप उड्या मारायची आणि ते दांडीला धरून म्हणायचे, "हळू, तिला बी जीव हाय." लायसन्स आल्यावर त्यांनी जायचं ठिकाण सांगितलं. वसमतला त्यांची थोरली बहीण, आक्का. गुडघ्यांमुळे तिला बसची पायरी चढवत नव्हती आणि ती कित्येक दिवस घराबाहेर पडली नव्हती. या दोघांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. तिला एकदा मेंढरांत जायचं होतं, बस.

जीपही काही कमी उंच नाही. आधी स्टूल, स्टुलावरून पाय, मागून मी आणि समोरून सासरे, असं करत आक्काला चढवलं. वाटेत हळदीची शेतं लागली तशी ती प्रत्येक शेत कुणाचं ते विचारत होती आणि सासरे ठोकून देत होते. मला माहीत होतं की त्यांना त्यातलं एकही ठाऊक नाही.

नरसीच्या अलीकडे त्यांच्या चुलतभावाचा कळप एका रानात बसलेला होता. आक्का उतरली, काठी टेकत मेंढरांत शिरली आणि एका कोकराचं तोंड उघडून दात बघायला लागली. चुलतभावाशी तिचं बोलणं सुरू झालं, ते संपेचना. ऊन कललं तसं मी म्हणाले, "आक्का, निघायचं का?"

"तुमी जा," ती म्हणाली. "मी आज हितंच राहते. रानातल्या भाकरीची चवच येगळी. उद्या या न्यायला."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "येऊ की. काय लांब हाय?"

दुसऱ्या दिवशी गेलो तर ती म्हणाली, आजचा दिवस राहू द्या. मग आम्हीही तिथंच जेवलो.