लंडन किती रात्री लांब

घरातलं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा सोलापूरच्या शरणम्माचा नेम. माणूस वाटेत असताना केरसुणी फिरवली तर त्याची वाट पुसली जाते, म्हणे. नवरा मंद्रूपच्या बाजाराला गेला तर दुपारपर्यंत केर तसाच, मुंबईला गेला तर रात्रभर. गाडी उशिरा धावत असली तर शरणम्मा तेही धरायची. बाई मोठी काटेकोर.

पण शहात्तरच्या उन्हाळ्यात तिचा एकुलता एक सोमलिंग नोकरीसाठी लंडनला निघाला आणि नेमाची पंचाईत झाली. शेजारच्या मालतीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांनी अंतर सांगितलं, सात हजार किलोमीटरच्या वर. शरणम्माने बोटांवर हिशेब केला. मुंबईला आगगाडीने एक रात्र, तर लंडनला सोळा. तोवर केरसुणी बंद.

"अहो काकू, विमान दहा-अकरा तासांत पोचतं," मालतीबाई म्हणाल्या.

"विमान पळतंय, व्हय. पर अंतर कुटं जातंय? ते तेवढंच ऱ्हातंय की."

भूगोलाच्या बाई आपल्या ओट्यावर परतल्या.

चार दिवसांत घरात शेंगांची टरफलं आणि ज्वारीचा कोंडा सुखाने नांदू लागला. वारा सुटला की त्यातला निम्मा मालतीबाईंच्या ओट्यावर. नवरा शंकरप्पा तळव्यांना कोंडा चिकटवून तसाच दुकानात जायचा. आभाळात काही घरघरलं की बायको हातातलं काम टाकून अंगणात धावते, हे तो बघत होता. पोरगं धड पोचू दे, एवढंच तिचं सिद्धरामेश्वराकडे मागणं होतं.

पाचव्या दिवशी तार आली. सोमलिंग सुखरूप पोचला होता. मालतीबाईंनी तारेवरच्या तारखेवर बोट ठेवलं. मुंबईहून विमान उडालं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख.

"बघा काकू. इथून मुंबई, तसंच मुंबईहून लंडन. एका रात्रीचं काम. काही लांब नाही हो."

शरणम्मा तिथेच बसून पोटभर रडली. मग उठून तिने सगळं घर लोटून काढलं, अंगण काढलं, मालतीबाईंचा ओटासुद्धा काढला. मालतीबाई मनातून भलत्याच खूश.

"मंग एका रातीत येतंय म्हना की पोरगं," पदराने तोंड पुसत शरणम्मा म्हणाली. "दिवाळीला येतंय."

मालतीबाईंनी शंकरप्पाकडे पाहिलं. पाच वर्षं येता येणार नाही, असं सोमलिंग बापाला सांगून गेला होता, आणि बापाने ते फक्त मालतीबाईंच्या कानावर घातलं होतं. शंकरप्पा उगीच चपला जोडीने मांडत राहिला.

शरणम्माने एकदा नवऱ्याचं तोंड बघितलं, एकदा मालतीबाईंचं.

"मालतीबाई," ती म्हणाली, "लंडन लांबच राहू द्यायचं हुतं की वं. लांब हाय म्हनून येत न्हाय, असं तरी मनाला सांगितलं असतं."