एकच आऊट राहिला होता

माझी मुलगी बेसबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकते. गेल्या वर्षी निवडीत तिला डावललं, तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. यंदा नाशिकच्या सामन्यात शेवटच्या डावापर्यंत तिने समोरच्यांना एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, मारू दिली नव्हती. अख्खा सामना असा काढण्याचा विक्रम आमच्या जिल्ह्यात कुणा मुलीच्या नावावर नव्हता.

अशा वेळी पिचरशी कुणी बोलायचं नाही, असा या खेळातला रिवाज. सगळ्या मुली तिच्यापासून लांब बसल्या होत्या. ती उजव्या हाताने टाकते, पण पाण्याची बाटली तिने डाव्या हाताने उचलली. मी जाळीपाशी गेलो.

"हात दुखतोय?"

"खांद्यात कळ येतेय. पप्पा, सरांना सांगू नका."

ती मैदानात गेली. पंचवटीच्या भाजीबाजारात मी भल्याभल्या व्यापाऱ्यांना झुलवतो, पण इथे सरांना सांगावं की नाही ते ठरवता येईना. गेल्या वर्षी तिला डावलणारा माणूस समोर टाळ्या वाजवत होता. समोरच्या दोघी बाद झाल्या; तिसरी बाद झाली की सामना संपणार होता. पुढचा चेंडू टाकताना ती कळवळली.

"सर, तिला बाहेर काढा!" मी ओरडलो.

"काका, एकच आऊट राहिलाय!" सर म्हणाले.

"पोरगी माझी आहे. काढा म्हणतो ना!"

सरांनी पिचर बदलली. ती बाकावर येऊन बसली. मी खांद्याला हात लावायला गेलो, तर अंग चोरून सरकली.

"तुम्हाला म्हणून सांगितलं होतं," म्हणाली.

उजवा हात तिला उचलता येईना. दवाखान्यात न्यायला मी गाडीची किल्ली काढली आणि तिची पाण्याची बाटली उचलून घेतली.